धर्मप्रमुखांचे नागरी सहकार्य

एकाच शहरात वा गावात राहणाऱ्या भिन्न धर्मांच्या आचार्यांनी, इमामांनी, धर्मोपदेशकांनी व देवस्थानांच्या प्रमुखांनी आपापला धर्म न सोडता वस्तीच्या समान हितासाठी एकत्र येऊन केलेले कार्य. साथीचे रोग, दुष्काळ, पूर, दंगली, मिरवणुकांचे मार्ग, सणांच्या तारखा, ध्वनिक्षेपकांचा आवाज हे या सहकार्याचे नेहमीचे विषय होत. धर्मतत्त्वांची तौलनिक चर्चा करणाऱ्या परिषदांहून ते वेगळे आहे, कारण त्यात तत्त्वांविषयी एकमत अपेक्षित नसते. अमुक दिवशी अमुक रस्ता मोकळा राहावा किंवा लोकांनी लस टोचून घ्यावी, एवढ्यावरच एकमत लागते. एका धर्माच्या संस्थेने सर्वांसाठी चालविलेली सेवाही या संज्ञेत काटेकोरपणे बसत नाही. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथील ख्रिस्ती रुग्णालय किंवा नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचा लंगर यांचे दार सर्वांना उघडे असते. परंतु तेथे देणारा एक आणि घेणारे अनेक असतात. प्रस्तुत नोंदीत जबाबदारी वाटून घेतली गेल्याची उदाहरणे प्रामुख्याने विचारात घेतली आहेत.

अशा सहकार्याचे यश बरेचसे ‘धर्मप्रमुख’ म्हणजे कोण, या प्रश्नावर अवलंबून असते आणि या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक धर्मात निराळे आहे. रोमन कॅथलिक पंथात बिशप व त्याच्या हाताखालील धर्मगुरू अशी उतरंड असल्याने वरचा निर्णय खालपर्यंत पोहोचतो. मात्र धर्मगुरूची बदली होते आणि गावातील ओळखी पुन्हा नव्याने जोडाव्या लागतात. सुन्नी मुसलमानांत दीक्षित पुरोहितवर्ग नाही. मशिदीचा इमाम नमाज पढवितो, पण आर्थिक व व्यवस्थेची सूत्रे विश्वस्तांच्या हाती असतात आणि इमाम बहुधा त्यांचा वेतनभोगी असतो. याउलट निझारी इस्माइली पंथात इमामाचा शब्द अनुयायांना थेट बंधनकारक असतो. हिंदू मंदिरातील पुजारी हा पूजेचा अधिकारी असला, तरी समाजाचा प्रवक्ता नव्हे. खानदेशात वा देशावर लोक ऐकतात ते कीर्तनकाराचे, फडकऱ्याचे किंवा संस्थानच्या गादीपतीचे. जैन मुनी विहार करीत असतात. चातुर्मासाचे चार महिनेच ते एका गावी थांबतात, म्हणून त्यांच्या वतीने संघाचे श्रावक बोलतात. १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातील बौद्ध वस्त्यांत विहार उभे राहिले. तेथेही भिक्षूपेक्षा स्थानिक कार्यकर्त्यांचा शब्द पुष्कळदा अधिक चालतो. शासकीय अधिकारी बैठकीला ‘सर्व धर्मगुरूंना’ बोलावितात, तेव्हा समान अधिकाराची माणसे समोरासमोर आली, असा समज होतो. वस्तुतः त्यांतील काहींना शब्द देता येतो, काहींना फक्त तो घरी नेता येतो.

याचे बोलके उदाहरण मुंबईच्या प्लेगमध्ये सापडते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. व्हाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढील महिन्यात साथरोग कायदा संमत झाला. घरझडती, रोग्यांची सक्तीने उचल, स्त्रियांची परपुरुषांकडून तपासणी या उपायांनी लोक संतप्त झाले. पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी दंगल उसळली. लसीविषयीही नाना वदंता होत्या. अशा वेळी निझारी इस्माइलींचे तरुण इमाम तिसरे आगाखान (सुलतान मुहम्मदशाह) यांनी अनुयायांच्या देखत लस टोचून घेतली आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी माझगावातील आपली ‘खुश्रू लॉज’ ही वास्तू उपलब्ध करून दिली. त्यांचे वय तेव्हा विशीच्या आसपास होते. खोजा इस्माइलींत लस मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली. इतर समाजांत मात्र असा एकच निर्णायक शब्द नसल्याने हे काम जातीच्या शेटजींना, पंचायतींना व वैद्य-डॉक्टरांना हळूहळू करावे लागले. सक्तीचे धोरण सौम्य झाल्यावर निरनिराळ्या जातींनी व पंथांनी आपापली प्लेग-रुग्णालये चालविली. पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय काढले. ही रुग्णालये वेगवेगळी होती, म्हणून त्यांना सहकार्य म्हणावे की नाही, असा प्रश्न येईल. प्रस्तुत लेखकाच्या मते म्हणावे; कारण शहराची साथ आवरण्याचे एकच काम त्यांनी आपसांत वाटून घेतले होते आणि रोग्याला आपल्या माणसांत राहण्याची सोय झाल्यानेच तो घराबाहेर पडण्यास राजी होत असे.

वैचारिक पातळीवरील हालचाली याच सुमाराच्या. ⇨ प्रार्थनासमाजाची स्थापना मुंबईत १८६७ मध्ये झाली होती. ११ ऑगस्ट १८९३ रोजी मुंबईत हिंदु-मुसलमानांची मोठी दंगल झाली आणि बरोबर एक महिन्याने, ११ सप्टेंबरला, शिकागो येथे सर्वधर्मपरिषद भरली. तीत प्रार्थनासमाजाचे बा. भा. नगरकर, जैनांचे वीरचंद राघवजी गांधी प्रभृती मुंबईकरांनी भाग घेतला. शिकागोतील भाषणांचा मुंबईतील मोहल्ल्यांवर काही परिणाम झाल्याचे दिसत नाही. प्रार्थनासमाजाचे प्रचारक विठ्ठल रामजी शिंदे हे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर महाविद्यालयात तौलनिक धर्माभ्यास करून परतले (१९०३) आणि त्यांनी १९०६ मध्ये मुंबईत अस्पृश्यांसाठी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली. धर्मचिंतनाकडून नागरी सेवेकडे वळण्याचे हे ठळक उदाहरण होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोप सहावे पॉल यांनी मुंबईभेटीत ३ डिसेंबर १९६४ रोजी अन्य धर्मांच्या प्रतिनिधींना उद्देशून भाषण केले. पुढल्या वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मांविषयी आदराची भूमिका घेणारी घोषणा संमत केली. क्योटो येथील शांतताविषयक जागतिक धर्मपरिषद (१९७०) आणि असीसी येथील प्रार्थनासभा (१९८६) हे त्यापुढील टप्पे.

खानदेश : खानदेशात अशा सहकार्याची परंपरा व तिची मर्यादा ही दोन्ही जळगावात पाहावयास मिळतात. जुन्या जळगावातील श्रीराम मंदिर संस्थानचा रथोत्सव अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केला. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून निरनिराळ्या वाहनांच्या मिरवणुका निघतात आणि प्रबोधिनी एकादशीला रथ निघतो. लाकडी रथाची गती व दिशा चाकाखाली मोगरी देऊन आवरतात. हे जोखमीचे काम अनुभवी माणसांकडेच असते. रथ भिलपुरा भागात आला, की लालशा बाबांच्या समाधीपाशी थांबतो, समाधीवर फुलांची चादर चढविली जाते आणि मुस्लिम समाजातर्फे रथाचे स्वागत होते. अप्पा महाराज व लालशा बाबा यांच्या स्नेहाची आठवण म्हणून हा प्रघात पडल्याचे परंपरेने सांगतात. देहूहून निघणाऱ्या तुकोबांच्या पालखीची पहिली अभंग-आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. सांगली जिल्ह्यातील गोटखिंडी आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे मशिदींत गणपती बसविले जातात. जळगावचा प्रघात याच जातीचा आहे.

तथापि याच जळगावात ८ मे १९७० रोजी दंगल झाली. आदल्या दिवशी भिवंडी येथे शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगलीला तोंड फुटले होते; तिचे पडसाद जळगाव व महाड येथे उमटले. भिवंडीत ७८, तर जळगावात ४३ माणसे मृत्युमुखी पडली. जळगावच्या मृतांपैकी ४२ मुसलमान होते. या तिन्ही ठिकाणच्या दंगलींची चौकशी न्या. दि. प्र. मादन यांच्या आयोगाने केली. जवळजवळ शंभर वर्षे रथ समाधीपाशी थांबत होता, हे खरे. पण रथ वर्षातून एक दिवस थांबतो. दुसऱ्या गावाहून वदंता येऊन पोहोचल्यावर एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात त्याच घटकेला कोणी जावे, कोणाशी बोलावे, याची काहीच व्यवस्था परंपरेने करून ठेवलेली नव्हती. स्नेहाचा प्रघात आणि संकटकाळची यंत्रणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. अभ्यासकही पुष्कळदा त्यांची गल्लत करतात आणि एखाद्या दर्ग्यावरील चादरीवरून साऱ्या गावाच्या सलोख्याचा निर्वाळा देतात. रथोत्सव दंगलीनंतरही चालू राहिला आणि समाधीपाशी थांबण्याचा प्रघातही सुटला नाही, ही गोष्ट मात्र जळगावकरांच्या बाजूने नोंदवावयास हवी.

धुळे शहरातही ऑक्टोबर २००८ मध्ये दंगल झाली आणि ६ जानेवारी २०१३ रोजी उसळलेल्या दंगलीत पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण ठार झाले. याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढे विनोबांनी कुराणातील वचनांचे सारग्रहण केले. गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवर पुस्तक लिहिले. वैचारिक वारसा एवढा संपन्न असूनही मोहल्ल्याच्या पातळीवरील काम स्वतंत्रपणेच करावे लागते, हे धुळ्याच्या उदाहरणावरून दिसते.

शांतता समिती व मोहल्ला समिती : तणावाच्या वेळी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक बोलाविण्याची पद्धत जुनी आहे. तीत देवस्थानांचे व मशिदींचे विश्वस्त, धर्मगुरू, नगरसेवक, व्यापारी अशी प्रतिष्ठित माणसे असतात. आवाहन काढले जाते, चहा होतो, छायाचित्र निघते. या समितीचा दोष असा, की ती सणापुरती किंवा दंगल पेटल्यावर जमते आणि तिच्या सभासदांचे गल्लीतील पोरांशी बोलणे नसते.

मे १९८४ मध्ये भिवंडी, ठाणे व मुंबई भागांत पुन्हा भीषण दंगल झाली. त्यानंतर १९८८ मध्ये भिवंडीचे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्यांचा प्रयोग केला. सुमारे ७० समित्या स्थापण्यात आल्या. प्रत्येकीत हिंदू व मुसलमान सभासद, त्या भागातील पोलीस अधिकारी आणि मुद्दाम निवडलेली सामान्य माणसे असत : यंत्रमाग कामगार, दुकानदार, शिक्षक. चर्चेचे विषयही साधे असत. नळाचे भांडण, गटार, शेजाऱ्याची तक्रार, मिरवणुकीतील वाद्ये अशा गोष्टींवर बोलता बोलता लोक एकमेकांना नावाने ओळखू लागले. धर्मगुरूंना या रचनेत अग्रस्थान नव्हते. हे वरकरणी प्रस्तुत विषयाशी विसंगत वाटेल. परंतु मौलवीने वा महाराजाने दिलेला शब्द खाली पोहोचविणारी माणसे या समित्यांमुळेच तयार झाली. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली. त्या काळात भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आदींच्या पुढाकाराने मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली. पोलीस व मोहल्ल्यांतील तरुण यांचे क्रिकेटचे सामने हा तिचा एक लोकप्रिय उपक्रम.

भिवंडीचा प्रयोग कायम टिकला, असे म्हणता येत नाही. जुलै २००६ मध्ये तेथे पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून उद्रेक झाला आणि दोन पोलीस शिपायांचा बळी गेला. समिती ज्या अधिकाऱ्याने उभी केली त्याची बदली होते. नंतर येणाऱ्याला ती चालविण्याचे बंधन नसते. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावात मशीद व कब्रस्तानाच्या परिसरात बाँबस्फोट होऊन तीसहून अधिक लोक ठार झाले. जातीय दंगलींचा इतिहास असलेल्या या गावात त्या वेळी दंगल उसळली नाही.

सणांच्या तारखा : धर्मप्रमुखांच्या सहकार्याची नियमित कसोटी लागते ती पंचांगामुळे. हिजरी वर्ष केवळ चांद्र असून ते सुमारे ३५४ दिवसांचे असते. मराठी पंचांगही चांद्र मासांचे आहे. पण सौर वर्षाशी मेळ राहावा म्हणून त्यात सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास घालतात. त्यामुळे एका अधिक मासापासून दुसऱ्या अधिक मासापर्यंत एक हिजरी महिना एकाच मराठी महिन्याशी जोडलेला राहतो. अधिक मास पडला, की जोड एका महिन्याने सरकते. हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर, म्हणजे बहुधा शुद्ध द्वितीयेच्या संध्याकाळी, सुरू होतो. म्हणून त्याची दहावी तारीख शुद्ध एकादशी-द्वादशीच्या आणि बारावी तारीख त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपास येते. आता ईदुज्जुहा ही जिलहिज्जची दहावी तारीख, मोहरमचा मुख्य दिवसही दहावा, तर ईद-ए-मिलाद ही रबीउलअव्वलची बारावी. दुसरीकडे महाराष्ट्राचे दोन मोठे सोहळे म्हणजे आषाढ शुद्ध एकादशी आणि भाद्रपद शुद्ध चतुर्दशीचे गणेशविसर्जन. जिलहिज्ज आषाढाशी जोडला गेला, की बकरी ईद व आषाढी एकत्र येतात. रबीउलअव्वल भाद्रपदाशी जोडला गेला, की मिलादचा जुलूस व विसर्जनाची मिरवणूक एकाच रस्त्यावर येतात. असा योग दोन-तीन वर्षे सलग येतो आणि मग सुमारे तीस वर्षे येत नाही. एका पिढीने काढलेला तोडगा पुढच्या पिढीला बहुधा आठवत नाही, तो यामुळे.

अलीकडे हे योग लागोपाठ आले. अधिक ज्येष्ठ (२०१८) आणि अधिक आश्विन (२०२०) यांच्या दरम्यान मोहरम गणेशोत्सवात येत राहिला. त्यानंतर १० जुलै २०२२ आणि २९ जून २०२३ या दोन्ही दिवशी आषाढी एकादशी व बकरी ईद एकत्र आल्या. वारकऱ्यांचा उपवासाचा दिवस लक्षात घेऊन राज्यातील अनेक गावांच्या मुस्लिम समाजाने त्या दिवशी फक्त नमाज अदा केली आणि कुर्बानी पुढील दिवसांवर ढकलली. कुर्बानीसाठी दहावी ते बारावी असे तीन दिवस शास्त्राने मान्य केलेले असल्याने धर्मनियमाला बाध न येता हे करता आले. २०२३ च्या अधिक श्रावणानंतर मिलाद व अनंत चतुर्दशीची जोडी जमली. २८ सप्टेंबर २०२३ रोजी दोन्ही एकाच दिवशी होत्या. मुंबईत खिलाफत समितीने जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्याचा निर्णय घेतला आणि शासनानेही सुट्टी २९ तारखेला दिली. २०२४ मध्ये (मिलाद १६ सप्टेंबर, विसर्जन १७ सप्टेंबर) मुंबईतील जुलूस १८ तारखेला, तर २०२५ मध्ये (मिलाद ५ सप्टेंबर, विसर्जन ६ सप्टेंबर) ८ तारखेला काढण्यात आला. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. मिलादचा दिवस हलविला गेला नाही; हलविली गेली ती मिरवणूक. मशिदीतील उपासना तिथीप्रमाणेच झाली. कोणता भाग धर्मविधी आणि कोणता भाग लोकप्रघात, हे उलेमांनी स्पष्ट केल्यावरच तडजोडीला जागा सापडली. हे सांगण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला वा पोलीस अधीक्षकाला नसतो. धर्मप्रमुखांची खरी उपयुक्तता अशा ठिकाणी असते.

ध्वनिक्षेपकांच्या बाबतीतही असेच घडले. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील ध्वनिक्षेपकांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये उचलून धरली होती; पण २०२२ च्या उन्हाळ्यात हा प्रश्न महाराष्ट्रात राजकीय बनला, तेव्हा दक्षिण मुंबईतील अनेक मशिदींच्या प्रमुखांनी बैठक घेऊन पहाटेची अजान ध्वनिक्षेपकाविना देण्याचे ठरविले. अजान आवश्यक आहे, ध्वनिक्षेपक नाही, हा त्यामागील युक्तिवाद होता. त्या वादाचा फटका पहाटेच्या काकड आरतीच्या ध्वनिक्षेपकांनाही बसला. नियम दोघांना एकच आहे, हे त्यानिमित्ताने लोकांच्या लक्षात आले.

आरोग्यकार्यात प्लेगचा धडा शंभर वर्षांनी पुन्हा उपयोगी पडला. पल्स पोलिओ मोहिमेत लस वंध्यत्व आणते, अशी अफवा उत्तर प्रदेशात व अन्यत्रही पसरली. तेव्हा मदरशांचे प्रमुख व इमाम यांनी शुक्रवारच्या प्रवचनातून लसीचा पुरस्कार केला आणि काहींनी स्वतःच्या मुलांना लोकांसमक्ष डोस पाजले. भारतात पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. करोना साथीत (२०२०) आषाढी वारीच्या पादुका मोजक्या माणसांसह बसने पंढरपुरास गेल्या, गणपतीच्या व मोहरमच्या मिरवणुका निघाल्या नाहीत, ईदची नमाज घरी पढली गेली. इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने रमजानमधील दानातून सुमारे ३६ लाख रुपये जमवून तेथील सार्वजनिक रुग्णालयात अतिदक्षता विभाग उभा केला. तो अर्थातच सर्व धर्मांच्या रुग्णांसाठी होता.

लहान गावांची स्थिती याहून वेगळी असते. शिंदखेडा, दोंडाईचा, शिरपूर यांसारख्या तापीकाठच्या व लगतच्या बाजारगावांत मौलाना बहुधा परगावचा असतो, कीर्तनकार सप्ताहापुरता येतो आणि गावचा शब्द चालतो तो आडत्याचा, शिक्षकाचा, मंडळाच्या अध्यक्षाचा किंवा मशिदीच्या विश्वस्ताचा. हीच माणसे बाजारात व शेतीच्या व्यवहारात रोज एकमेकांस भेटतात, म्हणून येथे मोहल्ला समितीचे निम्मे काम आपोआप होत असते. परंतु अफवा शहरातून येते, आणि अलीकडे ती भ्रमणध्वनीवरून क्षणात येते. तिचे खंडन करावयास परगावचा मौलाना व सप्ताहाचा कीर्तनकार त्या क्षणी गावात असतीलच असे नाही. शांतता समितीच्या बैठकींत स्त्रिया अद्याप अपवादानेच दिसतात. धर्मपीठांवर त्या नाहीत, म्हणून बैठकीतही नाहीत, असे याचे कारण दिले जाते. भिवंडीच्या व मुंबईच्या मोहल्ला समित्यांनी धर्मपीठाची अट बाजूला ठेवल्यामुळेच तेथे स्त्री-सभासदांना वाव मिळाला.